हिरवा तलाव: उपसावा की निवळावा?

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांची जाहिरात हल्ली अंगणातल्या तरणतलावापासून सुरू होते. जाहिरातीतलं पाणी निळं असतं. गिऱ्हाईक नाही म्हणून आठ-दहा दिवस पंप बंद राहिला, पावडर टाकायची राहून गेली, मध्ये एक-दोन सरी पडून वर कडक ऊन आलं, की तेच पाणी हिरवं होतं आणि दुसऱ्या पायरीखालचं काही दिसेनासं होतं. मग बंगलेवाल्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं पाणी काढून टाका आणि नवं भरा. दुसरा म्हणतो, आहे तेच पाणी दुरुस्त करा. आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची वादाची जुनी रीत. या भांडणाला ती चांगली लागू पडते. पहिल्या पक्षाच्या गृहस्थांना उपसे म्हणू, दुसऱ्यांना निवळे. माणसं कल्पनेतली आहेत, मुद्दे मात्र रोजचे. माझा कल निवळेंकडे आहे हे आत्ताच सांगून टाकतो; पंचाचा आव आणून शेवटी त्यांच्या बाजूने निकाल देण्यापेक्षा ते बरं.

उपसेंचं म्हणणं ऐकायला सोपं आहे आणि म्हणूनच लोकप्रिय. ते म्हणतात, “अहो निवळे, साधा हिशोब आहे. तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे ४५ हजार लिटर पाणी. दहा हजारांचे साडेचार टँकर, पाचवा अर्धा बागेला. शुक्रवारी सकाळी मोटार लावायची, दुपारी दोन माणसं उतरवून तळ खरवडायचा, रात्री टँकर ओतायचे, शनिवारी पाहुणे पाण्यात. तुमच्या औषधपाण्याला आठवडा लागतो, आणि आठवड्याने पाणी स्वच्छ होईलच याची खात्री कोण देतं? घाण झालेली वस्तू टाकून नवी आणली की प्रश्न संपला.” यातली एक गोष्ट नाकारता येत नाही: उपसलेला तलाव डोळ्यांना खरोखर स्वच्छ दिसतो, आणि तोही एका दिवसात. निवळेंना उत्तर द्यायचं असेल तर ते या दिसण्याच्या पलीकडे जाऊन द्यावं लागेल.

निवळे सुरुवात दूरच्या उदाहरणाने करतात. २०१६च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या मारिया लेंक जलतरण केंद्रातला डायव्हिंगचा तलाव बघता बघता हिरवा झाला. शेजारच्या वॉटरपोलोच्या तलावाचाही रंग फिरला. संयोजकांनी आधी पाण्याची अल्कलिनिटी घसरल्याचं सांगितलं. काही दिवसांनी खरी गोष्ट बाहेर आली: ५ ऑगस्टला एका कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड स्वतः जंतुनाशक आहे, पण क्लोरीनशी गाठ पडली की दोन्ही एकमेकांना संपवतात. पाण्यातलं क्लोरीन गेलं, शेवाळाला रान मोकळं झालं. “आणि मग त्यांनी काय केलं?” उपसे लगेच विचारतात. “वॉटरपोलोचा तलाव उपसलाच ना? ऑलिम्पिकवाल्यांनाही शेवटी माझाच मार्ग धरावा लागला.” उपसला, हे खरं. त्याच तलावात समक्रमित जलतरण व्हायचं होतं; त्यात परीक्षकांना पाण्याखालचं दिसावं लागतं आणि स्पर्धा तोंडावर होती. पण निवळे पुढचा तपशील दाखवतात: त्यात जे सुमारे ३७ लाख लिटर पाणी भरलं ते सरावाच्या तलावातलं, आधीच शुद्ध केलेलं आणि क्लोरीन असलेलं तयार पाणी होतं. डायव्हिंगच्या स्पर्धा तर हिरव्या पाण्यातच चालू राहिल्या. नव्या पाण्याने नव्हे, क्लोरीन असलेल्या पाण्याने तो प्रश्न सुटला.

इथेच दोघांचा खरा मतभेद आहे. उपसे हिरव्या रंगाला घाण समजतात, म्हणून ती बाहेर काढायला बघतात. निवळेंच्या मते हिरवा रंग ही घटलेल्या क्लोरीनची खूण आहे. शेवाळाच्या पेशी वाऱ्यावर, पावसातून, पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांतून तलावात रोजच येत असतात. पाण्यात पुरेसं मोकळं क्लोरीन असतं तोवर त्या वाढण्याआधी मरतात. उन्हाळ्यात कोमट पाणी, भरपूर ऊन आणि पानापाचोळ्यातून उतरलेलं फॉस्फेट व नायट्रेट मिळालं की त्यांची संख्या दिवसादिवसाला दुप्पट होऊ शकते. पाणी बदललं तरी यातलं काही बदलत नाही. भिंतीच्या टाइल्सच्या सांध्यांत, शिडीच्या मागे, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि फिल्टरच्या वाळूत शेवाळ शिल्लक असतंच. टँकरमधून येणाऱ्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन जवळजवळ नसतं. म्हणजे उपसेंनी शुक्रवारी रात्री जे भरलं, ते शेवाळासाठी तयार केलेलं नवं शेत आहे. पुढच्या पंधरवड्यात ते पुन्हा टँकरवाल्याला फोन करतात आणि पाण्यालाच दोष देतात.

“पण क्लोरीन मी टाकतोच की!” उपसे चिडतात. “रोज न चुकता पावडर पडते. परवा तर चाचणीची नळी पिवळीधमक आली होती, तरी पाणी हिरवं. मग तुमचं क्लोरीन गेलं कुठे?” हा त्यांचा सगळ्यात मजबूत आक्षेप आहे, आणि बहुतेक बंगल्यांतलं गौडबंगाल इथेच असतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं. साधं क्लोरीन उघड्या तलावात टिकत नाही. दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत त्याचा बहुतेक भाग नष्ट होतो. ते टिकावं म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड असतं, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. तरणतलावासाठी मिळणारी ‘टीसीसीए ९०’ ही पावडर किंवा वड्या म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड यांचंच संयुग. क्लोरीन वापरलं जातं, उडून जातं. सायन्युरिक ॲसिड मात्र पाण्यातच राहतं आणि साठत जातं. या पावडरीने १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीन आलं की बरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. उपसेंनी ६० दिवस रोज २ पीपीएम क्लोरीन टाकलं असेल, तर १२० पीपीएम क्लोरीन येऊन खर्च झालं आणि ७२ पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे उरलं.

सायन्युरिक ॲसिड जितकं वाढतं तितकं क्लोरीन जास्त बांधलं जातं आणि शेवाळ मारायला मोकळं कमी उरतं. नळीतली चाचणी हे बांधलेलं क्लोरीनही मोजते, म्हणून रंग पिवळा येतो आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. (ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीसाठी करतात ती ओटी टेस्ट तर घाम-लघवीशी संयोग पावून निकामी झालेलं क्लोरीनही मोजून दाखवते; मोकळं क्लोरीन बघायचं तर गुलाबी रंग देणारी डीपीडीची चाचणी घ्यावी.) तलावांची निगा राखणारे एक ठोकताळा वापरतात: रोजचं क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही, आणि पाणी हिरवं झालंच तर ते जवळपास ४० टक्क्यांपर्यंत चढवून तिथेच धरून ठेवायचं. ॲसिड ३० पीपीएम असेल तर रोजचे दोन-अडीच पुरतात आणि हिरवं पाणी मारायला १२ लागतात. तेच ७२ झालं की रोज साडेपाचच्या आसपास हवेत. उपसे मात्र डब्यावर छापलेले २ धरून बसलेले. त्यांच्या तलावात क्लोरीन होतं, पुरेसं नव्हतं.

आता न्याय म्हणून उपसेंच्या बाजूचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निवळेपंथी लोक ती बऱ्याचदा टाळतात. सायन्युरिक ॲसिड सहजासहजी पाण्यातून काढता येत नाही. ते कमी करायचा व्यवहार्य मार्ग एकच, पाणी काढून नवं भरणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम दिली आहे. एखाद्या तलावात वर्षानुवर्षं टीसीसीए पडून ते १५० झालं असेल, तर त्या हिशोबाने क्लोरीन ६० पीपीएमपर्यंत न्यावं लागेल. असलं काही करायला कुणी जाऊ नये. तिथे उपसणंच बरोबर. “मग इतका वेळ काय भांडत होता?” असं उपसे म्हणतील. निवळेंचं उत्तर: निम्मं उपसा. अर्धं पाणी बदललं की १५०चे ७५ होतात, त्यातलं पुन्हा अर्धं बदललं की ३७. आणि हे मोजून करा. रंग बघून करू नका. हिरव्या रंगावरून ॲसिड किती आहे ते कळत नाही.

निम्मंच का, पूर्ण का नाही, याचं दुसरं कारण जमिनीखाली आहे, आणि ते घाटमाथ्यावर आणि कोकणात विशेष लागू पडतं. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे भूजल जमिनीच्या अगदी जवळ असतं. तलाव भरलेला असतो तेव्हा आतल्या पाण्याचं वजन बाहेरच्या दाबाला तोलून धरतं. तो रिकामा केला आणि भूजल जमिनीखाली अर्ध्या मीटरवर असलं, तर वरच्या मापाच्या तलावाच्या ३२ चौरस मीटर तळावर ०.९ मीटर पाण्याचा, म्हणजे जवळपास २९ टनांचा रेटा खालून वर येतो. भिंती आणि तळ १५ सेंटिमीटर काँक्रीटचे धरले तर त्यांचं वजन २३-२४ टनांच्या आसपास भरतं. रिकामा तलाव मग होडीसारखा वर उचलला जातो, टाइल्स फुटतात, पाइप तुटतात. काही तलावांच्या तळाशी हा दाब सोडणारी झडप असते, पण ती चालू आहे की गंजली आहे हे कुणी तपासलेलं नसतं. “आमच्याकडे आजवर कधी असं झालं नाही,” असं उपसे म्हणतात. मे महिन्यात उपसला असेल तर झालं नसणारच.

उपसे मग मधला मार्ग सुचवतात, आणि तो ओळखीचा आहे: तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय पावसाळ्यातल्या घरांना जुनीच, आणि त्याआधी निवळीच्या बिया घासून पाणी स्वच्छ करत. सुश्रुतसंहितेत या बियांचा, कतकाचा, उल्लेख पाणी निवळवणाऱ्या वस्तूंमध्ये आहे. मनुस्मृतीत तर दाखलाच दिला आहे की नुसतं कतकाचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तुरटी काम करते यात शंका नाही. ती कणांना एकत्र आणून तळाशी बसवते. पण जिवंत शेवाळावर तुरटी टाकली तर शेवाळ मरत नाही, बसतं. ब्रश लागला की पुन्हा उठतं. शिवाय तुरटी अल्कलिनिटी खाते आणि पीएच उतरवते, आणि बसलेला गाळ फिल्टरमधून नेला तर वाळूची गच्च ढेप होते. तो व्हॅक्यूमने सरळ बाहेर सोडावा लागतो. तुरटीची जागा शेवटी आहे, शेवाळ मेल्यावर. मोरचुदाबद्दल निवळे आणखी कडक आहेत. द्राक्ष आणि सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी लागतं म्हणून ते कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं, आणि शेवाळ मारतंही. पण तांबं पाण्यातून जात नाही. प्लास्टरवर डाग पडतात, पाहुण्यांचे पिकलेले किंवा रंगवलेले केस हिरवट होतात आणि दोष क्लोरीनला जातो, आणि ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात.

मुख्य मुद्दा मात्र नितळ आणि निर्धोक यांतला आहे. तुरटीने किंवा टँकरने नितळ झालेलं, पण क्लोरीन नसलेलं पाणी हिरव्या पाण्यापेक्षा जास्त फसवं असतं, कारण त्यात लोक उतरतात. केरळात २०२४ आणि २०२५मध्ये ज्या मेंदूज्वराने माणसं दगावली त्याला कारण असलेल्या अमीबांपैकी एक कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. हा आजार दुर्मीळ आहे, पण तो पाण्याच्या रंगावरून ओळखता येत नाही. हिरव्या पाण्याचा धोका वेगळा आणि सरळ: बुडणारा माणूस त्यात दिसत नाही. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत कुणालाही पाण्यात जाऊ देऊ नये, यावर तरी दोघांचं एकमत व्हायला हरकत नाही.

निवळेंची पद्धत दुष्काळी कामासारखी संथ नाही, पण तिला चिकाटी लागते. आधी जाळीने पानं काढायची. पान कुजत राहिलं तर क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतं. पीएच ७.२च्या आसपास आणायचा. मग क्लोरीन, आणि तेही टीसीसीए नव्हे, तर ज्यात सायन्युरिक ॲसिड नाही असं: द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ४५ हजार लिटरला १ पीपीएम म्हणजे ४५ ग्रॅम क्लोरीन. ॲसिड ३० असताना लागणाऱ्या १२ पीपीएमसाठी ५४० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो साधारण साडेपाच लिटर. कारबॉय उन्हात पडून राहिला असेल तर त्याची ताकद उतरलेली असते, तसंच दमट हवेत उघड्या राहिलेल्या टीसीएलचं. म्हणून टाकल्यावर मोजायचं, आणि कमी झालं की पुन्हा घालायचं, दिवसातून दोन-तीनदा. टीसीएल आधी बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी घ्यायचं. रोज भिंती, पायऱ्या, शिडीची मागची बाजू ब्रशने घासायची. पंप रात्रंदिवस चालू. तासाला १० हजार लिटर ओढणारा पंप ४५ हजार लिटर साडेचार तासांत फिरवतो, पण त्यातलं स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा अस्वच्छ पाण्यातच मिसळतं. पहिल्या फेरीनंतर ३७ टक्के पाणी फिल्टरमधून न गेलेलं असतं, दुसऱ्यानंतर १४, तिसऱ्यानंतर ५. शिवाय वाळू बारीक कण एका फेरीत पकडत नाही. म्हणून दिवस लागतात, आणि दाब चढला की बॅकवॉश.

याच टप्प्यावर बहुतेक माणसं हार मानतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जातो आणि पाणी राखाडी, दुधाळ होतं. उपसे म्हणतात, “बघा, आणखी बिघडवलंत.” खरं तर शेवाळ मेलं आहे आणि त्याचे कण तरंगत आहेत, आता काम फिल्टरचं. जिवंत काही उरलं आहे का हे बघायची निवळेंची कसोटी मला सगळ्यात पटते, कारण ती डोळ्यांवर अवलंबून नाही: सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, उगवण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, मग क्लोरीन खाणारं दुसरं कोण? घट १ पीपीएमपेक्षा जास्त आली तर शेवाळ अजून आहे, पाणी कितीही नितळ दिसो.

“इतकी रसायनं ओतायची आणि वर स्वच्छता म्हणायचं!” हा आक्षेप उपसेंच्या घरातूनही येतो. धोका आहे, तो हाताळण्यात. टीसीसीए आणि टीसीएल एका बादलीत, एका चमच्याने, एका ओल्या कोपऱ्यात कधीच नाही. आग लागते, स्फोटही होतो. ॲसिड आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. नेहमी पाण्यात औषध, औषधावर पाणी नाही. हे माळ्यावर सोपवून मालकाने मुंबईला निघून जाऊ नये. आणि काहीच न करणं हा तिसरा पर्याय तर दोघांपेक्षा वाईट: २००७ साली कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यात कर्ज थकून ओस पडलेल्या घरांचे तलाव हिरवे होऊन डासांची पैदास झाली आणि वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले.

पाण्याचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो आधी आणला की वाद भावनेवर जातो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकूण सुमारे ५ लाख लिटर. उपसेंचा एक तलाव म्हणजे त्यातली जवळपास एक वाघीण. उपसे म्हणतात, “मी नाही भरलं म्हणून ते लातूरला थोडंच पोचणार आहे?” नाही पोचणार, बरोबर. पण टँकर ज्या विहिरीवर भरतो ती लातूरला नाही, त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि मे महिन्यात तिच्यावर गावही अवलंबून असतं. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने ४५ हजार लिटर म्हणजे आठशेहून जास्त माणसांचा एक दिवस. ॲसिड १५० झालं असेल तर त्यातलं निम्मं घ्यावं लागेल, आणि ते समजण्यासारखं आहे. पंप बंद ठेवला म्हणून सगळं घेणं समजण्यासारखं नाही.

“ते सगळं ठीक,” उपसे म्हणतात, “पण शनिवारचं बुकिंग घेतलंय, आगाऊ पैसेही आलेत. त्यांना काय सांगू?” निवळे म्हणतात, “उपसेसाहेब, आजच फोन करा. तलाव पुढच्या बुधवारपर्यंत बंद आहे म्हणावं, आणि टँकरचे जे वाचतील तेवढे भाड्यातून कमी करा.”